थरथरीसकट रेघ

दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे व्यंगचित्रकार आणि त्यांची सून नंबरची वाट बघत बसले होते.

"चाळीस वर्षं टाकानं शाईची रेघ ओढली, सूनबाई. आता हात कापतो, नुसते डाग पडतात."

"पण परवाचं चित्र टॅबलेटच्या पडद्यावर काढलंत ना, बाबा? पेपरात छापूनही आलं."

"ती रेघ यंत्राची. ते माझी थरथर पुसून टाकतं."

"सगळी नाही पुसत. रेघ सरळ करायचं सेटिंग मी मुद्दाम निम्म्यावर ठेवलं. गुळगुळीत रेघ तुमची वाटेना."

"म्हणजे छापली ती माझीच?"

"तुमचीच. संपादकांनी लगेच ओळखली."

"आणि मी महिनाभर तुझ्या त्या टॅबलेटच्या नावानं बोटं मोडतोय! पोरी, मी टाक कायमचा धुऊन ठेवला होता गं. तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? उद्याचं चित्र द्या. संपादकांचे दोन फोन येऊन गेलेत."