अप्पांच्या बागेचा रंग

तुम्ही पोरं आता एका बोटाने रंग भरता, म्हणून आठवलं. रत्नागिरीत मी नवा कॉम्प्युटर घेतला होता, तेव्हा आमच्या आळीतले अप्पा आंब्याच्या बागेचा नकाशा काढून घ्यायला आले. मुंबईच्या मुलांना पाठवायचा होता. हद्द ही अशी वाकडीतिकडी! कॉम्प्युटरमधले तयार चौकोन काय कामाचे? बिंदूला बिंदू जोडत मी अख्खी हद्द फिरलो, टोकं जुळवली आणि आत झकास हिरवा रंग भरला.

अप्पा पडद्याजवळ वाकले. "मेल्या, माई कुठून येणार?"

"कोण माई?"

"शेजारची. आमच्या बागेतल्या विहिरीवर पाण्याला येते. तिच्यासाठी कुंपणाच्या दगडी गडग्यात वाट सोडलीय. ती बुजवलीस तू."

"अप्पा, हे नुसतं चित्र आहे."

"आज चित्र. मी गेल्यावर मुलं हेच बघून तिथे चिरे लावतील."

मी तेवढ्या जागी रेघ तोडली. झटक्यात सगळा हिरवा गायब.

"बघा, आकार बंद नसला की हा रंगच धरत नाही."

अप्पांनी शांतपणे चष्मा खिशात ठेवला.

"मग कोरीच छाप. बाग हिरवी आहे की जाग्यावर."