वावरातला पोल

फोटोचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं म्हणून विचारता, तर आधी माझं ऐका. मी तीन बदलले अन् चौथं दोन महिने व्हिडिओ बघून शिकलो. मंग टेंभुर्णीतल्या आमच्या वावराच्या फोटोतून लाइटचा पोल असा गायब केला, की खूणसुद्धा राह्यली न्हाई. फ्रेम करून बाबांना दिला.

बाबा म्हणले, "हे कोणाचं वावर?"

"आपलंच की."

"मंग पोल कुठंय?"

"फोटो खराब दिसत होता, काढून टाकला."

"चार वर्षं लाइट ऑफिसच्या चकरा मारल्या, तव्हा उभा राह्यला तो. तू बसल्या जागी काढला? परत लाव!"

मूळ फोटो मी डिलीट केल्ता, अन् पोल लावायचं अजून जमंना. बाबा रोज विचारतेत, "लागला का पोल?" अन् मी त्या ऑफिसातल्या साहेबासारखा म्हणतो, "पुढच्या हप्त्यात बघू."