मोसंबीची दोन कलमं

शहरातल्या गारखेडा भागातल्या रोपवाटिकेत पैसे द्यायला रांग लागली होती. लिंबाचं कलम छातीशी धरून चारुता उभी होती. तिच्यापुढं एक म्हातारं जोडपं होतं. आजींनी मोसंबीची दोन कलमं पायाशी ठेवली होती.

“दोन कशाला? आपल्याकडं नळ आठव्या दिवशी येतो,” आजोबा म्हणाले.

“एकाला माझं आंघोळीचं पाणी.”

“अन् दुसऱ्याला?”

“तुमचं.”

“मी कुठं रोज आंघोळ करतो?”

“आता करा.”

आजोबांनी उजवा हात पुढं केला.

“गावाकडची चारशे झाडं वाळली, तवा ह्या हातानं तोडली मी. परत मोसंबी लावायची नाय, असं म्हणलं होतं ना?”

“तुमी म्हणला होता. मी कुठं म्हणले?”

“मळ्यात जगली नाय, ती इथं बंगल्यांच्या मधी जगंल व्हय?”

“मळ्यात टँकर येत नव्हता. इथं गल्लीत येतो.”

“अन् वाळली तर?”

“तर ह्या वक्ताला मी तोडीन. तुमी घरात बसा.”

रांग पुढं सरकली. आजोबा वाकले, एक कलम उचललं, बुंध्यावरून बोट फिरवलं आणि माळ्याला हाक मारली.

“हे नाय चालायचं. ह्याचा कलम बांधलेला जोड मातीत गेलाय, कुजंल. जोड वर असलेलं दे.”

चारुतानं हळूच आपल्या लिंबाचा जोड पाहिला.

माळ्यानं कलम बदलून दिलं.

“अजून एक दे तसलंच.”

“आता तिसरं कशाला?” आजींनी विचारलं.

“एक तर मरतंच.”