बद्द वाजलेली बरणी

थांब राव, त्या बरणीला टिचकी मारू नकोस. का ते सांगतो.

पिंपरीला कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. जुन्या चिनी मातीच्या बरण्या जमवायचं वेड मला नुकतंच लागलं होतं. कासारवाडीत एका म्हातारीकडे ही निळ्या वेलबुट्टीची बरणी दिसली. मी ऐटीत टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"आजी, हिला चीर गेलीय."

म्हातारी सुनेकडे वळली. "आपटलीस न्हवं? माज्या आईची बरनी!"

"आत मीठ हाय, आत्याबाई," सून हळूच म्हणाली. "भरलेली बरनी वाजंल कशी?"

झाकण उघडून कुणी बघितलं नाही. मीही नाही. जाणकार होतो ना!

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. बरणी दाराशी रिकामी पडली होती. सहज टिचकी मारली, तर खणखणीत वाजली. केसाएवढीसुद्धा चीर नव्हती.

"आजी, सूनबाई कुठंय?"

"धाडली म्हायेरी. पोराला दुसरी बघतोय."

"अहो, पण बरणी धडधाकट आहे! तिनं आपटलीच नव्हती!"

म्हातारीनं बरणी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली.

"तुमीच म्हनला व्हता की, सायेब."