पायांची बारावी जोडी

फादरांच्या पत्राला कुरियाकोस मास्तरांनी उत्तरच दिलं नव्हतं. येशूनं शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी ज्या बारा जणांचे पाय फादर धुणार, त्यांत मास्तरांनी बसावं, अशी विनंती होती. आपली तेवढी लायकी आहे का, हेच मास्तरांना ठरवता येईना.

बसथांब्यावर त्यांच्या पाठीमागे मासळीवाली रोसम्मा आणि कबरी खणणारा एस्थप्पान बोलत होते.

“यंदा तरी बारांत घेतलं का रे तुला?”

“मला? रोसम्मा चेची, ताई गं, माझ्या पायांना माती असते.”

“मग धुणार काय ते?”

“अगं, तिथं धुतलेलेच पाय धुतात. गेल्या वर्षी बँकेचे साहेब पावडर लावून आले होते.”

“येशूला बिचाऱ्याला रीत ठाऊक नव्हती. बसला कोळ्यांचे पाय धूत!”

“आई म्हणते, मरायच्या आत एकदा तुला तिथं बसलेला बघू दे.”

“तिला म्हणावं, थांब. मेल्यावर झाडून सगळे तुझ्या लेकाकडेच येतात.”

“येतात ना. तेव्हा कुणी माझे पाय बघत नाही.”

बस आली, दोघं गेली. चर्च समोरच होतं, पण तोंडानं सांगायचा मास्तरांना धीर नव्हता. पोस्टात जाऊन त्यांनी फादरांना कार्डावर लिहिलं, ‘माझ्या जागी एस्थप्पानला बसवा. पाणी मात्र जास्त ठेवा.’

कार्ड त्यांनी पेटीत टाकलं.