नानांनी घातलेली शपथ

अरे, मला अजून पटत नाही! पपईला भाव मिळेना, म्हणून आमच्या गावाने सोमवारपासून तोड बंद करायचं गुपचूप ठरवलं. गावचे म्होरके नाना; त्यांनी प्रत्येकाला पपईच्या झाडाला हात लावून शपथ घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी शहाद्यात आमची पपई घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसाने नानांना आणि मला चहा पाजला. सहज म्हणाला, "तुमच्याकडचे दोन-तीन जण मंगळवारपासून तोड थांबवणार म्हणे."

नाना उसळले, "दोन-तीन? आख्खं गाव शे! आनि मंगळवार नही, सोमवार!"

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

व्यापाऱ्याने शेजारच्या गावांतून सोमवारच्या आधीच गाड्या भरून घेतल्या. नानांनी लगेच बैठक बोलावली.

"आपलामा कोन फुटना? खरं सांगा!"

आणि पहिल्यांदा माझ्याकडेच पाहिलं!