घोडा कडेला ठेवला, बस्स!

...नाही, पण मला एक सांगा, मी असं काय केलं? कुणाचा खून केला? कुणाच्या घरावर दरोडा घातला? घोडा उचलला आणि पटाच्या कडेला ठेवला. बस्स! बुद्धिबळातला घोडा हो, लाकडाचा, एक कान उडालेला! आणि त्यानंतर महिनाभर मला घास गिळवेना, आणि बायको माझ्याशी बोलायची ते फक्त कामापुरतं. "पाणी ठेवलंय." "पंखा बंद करा." अहो, बारा वर्षांच्या संसारात या बाईनं मला इतक्या कमी शब्दांत कधी गुंडाळलं नव्हतं!

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा. माझे सासरे घड्याळजी. आता दुकान बंद केलंय, पण माणूस अजून तसाच, काट्यावर चालणारा. रविवारी चार म्हणजे चार! इस्त्रीचा सदरा, आणि काखेत भिंतीवरच्या घड्याळाची एक जुनी लाकडी पेटी, तिच्यात मोहरे. सासूबाई गेल्यापासून तर त्यांचा अख्खा आठवडा त्या रविवारवर टांगलेला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच त्यांनी विचारलं, "जावईबापू, बुद्धिबळ येतं का?" आता नव्या जावयानं नाही म्हणायचं असतं का? मी म्हटलं, "येतं की!" येतं म्हणजे काय, तर घोडा अडीच घरं उड्या मारतो एवढं येत होतं.

तिथून अकरा वर्षं. अकरा वर्षं दर रविवारी मी हरलो! आणि हरलो तेही एकाच डावात हो! पांढरे मोहरे कायम त्यांचे. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं. मीही माझं प्यादं दोन घरं, म्हणजे दोघं बोळात समोरासमोर छाती काढून उभे. मग त्यांचा घोडा बाहेर, माझ्या प्याद्यावर डोळा. माझा घोडा बाहेर, प्याद्याच्या राखणीला. मग त्यांचा उंट तिरपा सुटतो तो थेट माझ्या राजाशेजारच्या एका प्याद्यावर नेम धरून बसतो. त्या बिचाऱ्या प्याद्याला राजाखेरीज कुणी वाली नाही. मी दुसरा घोडा काढतो, की त्यांचा घोडा टुणकन उडी मारून त्याच प्याद्यावर टपून बसतो. एकावर दोघं! मग मी घाईघाईनं मधलं प्यादं पुढं ढकलून उंटाची वाट अडवायची, त्यांनी ते खायचं, आणि आता त्यांचं प्यादं माझ्या घोड्यासमोर उघडं, फुकटचं! समोर फुकटचं दिसल्यावर माणूस काय करतो? मी घोड्यानं ते खायचो. दरवेळी! की त्यांचा घोडा धाडकन माझ्या घरात, एका टाचेखाली वजीर, दुसऱ्या टाचेखाली हत्ती. राजानं स्वतः उठून घोडा मारायचा, आणि मग माझा राजा भर पटाच्या मधोमध, अंघोळीतून पंचावर बाहेर यावं आणि बैठकीत पाहुणे बसलेले असावेत तसा!

अकरा वर्षं! आणि सासरे कधी हसले नाहीत हो. मोहरे पेटीत भरताना एवढंच, "पुन्हा बघा, जावईबापू. कुठं चुकलं ते बघा." मी विचारायचो, "सांगा ना, कुठं?" तर म्हणे, "सांगितलं तर काय मजा!" आणि एक नियम मात्र त्यांनी पहिल्या दिवशीच घोटवून घेतलेला. "घोडा कधी कडेला न्यायचा नाही. कडेला गेलेला घोडा आंधळा."

माझं डोकं फिरलं ते शेजारच्या पोस्टमास्तरांमुळं. ते आपले रविवारी चहाच्या वेळेला बरोब्बर टपकतात आणि खुर्ची ओढून, "काय, आज कितव्या चालीला गेले जावई?" अहो, 'गेले' काय! मी काय आजारी होतो? सोमवारी उठलो, तडक वाचनालयात गेलो आणि पुस्तक आणलं. बुद्धिबळातल्या सुरुवातींचं. एवढं जाड. आणि बायकोला म्हटलं, "बाबांना बोलू नकोस हं." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परीक्षेला कॉपी बांधून निघालोय. निघालोच होतो म्हणा!

आता वाचायचं कधी? मी मोटार शिकवतो. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक. पुस्तक गाडीच्या कप्प्यात. सिग्नल लागला की काढायचं, सुटला की कोंबायचं. आमच्याकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई शिकायला येतात, जबड्यात हात घालताना घाबरत नाहीत पण गिअरला घाबरतात. त्या दिवशी त्या वळणावर, आणि मी पान उलटतो तर काय! सासऱ्यांचा अख्खा डाव छापलेला! प्यादं, घोडा, उंट, टुणकन उडी, सगळं! आणि खाली लिहिलंय, इथं फुकटचं प्यादं खाऊ नये. ते तसंच सोडावं आणि आपला पहिला घोडा उचलून... कडेला ठेवावा. उंटावर!

मी ओरडलोच. "कडेला! अहो कडेला!"

बाईंनी इमानदारीत गाडी कडेला घेतली. नुसती कडेला नाही, फुटपाथवर घेतली, आणि एका दिव्याच्या खांबाला अलगद नेऊन टेकवली. "सर, बरोबर घेतली ना?" म्हटलं, "उत्तम घेतलीत." काय सांगू त्यांना? माझा पाय ब्रेकवर नव्हताच हो, माझा पाय पान चौऱ्याऐंशीवर होता!

आला रविवार. प्यादं, प्यादं. घोडा, घोडा. उंट. घोडा. टुणकन! मी मधलं प्यादं ढकललं, त्यांनी खाल्लं, आणि मागं टेकून बसले, कारण आता मी खाणार हे अकरा वर्षांचं ठरलेलं. चहा आला. पोस्टमास्तरांनी खुर्ची ओढली. आणि मी घोडा उचलला आणि कडेला ठेवला. बस्स!

सासऱ्यांचा हात कपावर होता, तो तिथंच राहिला. पटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पटाकडे. त्यानंतर उंट पळाला, घोडा मागं गेला, माझी प्यादी सुटली, आणि एकतिसाव्या चालीला शह आणि मात! मी टाळी वाजवली हो! सासऱ्यांना हरवून टाळी! पोस्टमास्तर म्हणाले, "अरेच्चा!" आणि सासरे उठले. एक शब्द नाही. मोहरे पेटीत भरायला लागले. घड्याळातला केसाएवढा स्क्रू ज्या बोटांतून कधी निसटला नाही, त्या बोटांतून प्यादं निसटलं आणि सोफ्याखाली गेलं. मी काढून दिलं. मान खाली घालून गेले, चहा अर्धा टाकून.

पुढच्या रविवारी फोन आला, मला नाही, बायकोला. "या रविवारी जमायचं नाही गं." त्याच्या पुढच्या रविवारी तेच. चार रविवार! चार वाजले की आम्ही दोघं दाराकडे बघायचो, मग बायको माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "अगं, मी काय केलं? घोडा कडेला ठेवला, बस्स!" ती म्हणायची, "आईमागं त्यांना तेवढंच होतं." आणि आत जायची. मी अपराधी होतो. साफ अपराधी. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून मी चाळीस जणांच्या चुका सांभाळतो, आणि एका म्हाताऱ्या माणसाचा रविवार मला सांभाळता येऊ नये?

पाचव्या रविवारी ठरवलं. जायचं, पुस्तक समोर ठेवायचं, म्हणायचं, बाबा, मी लबाडी केली, तुम्ही हरलाच नाहीत, या पुस्तकाकडून हरलात. मग पाय धरायचे. पुस्तक पिशवीत घातलं आणि निघालो. सासऱ्यांच्या दारात पोचतो तर आत ही गर्दी! पोस्टमास्तर, वाण्याच्या दुकानातले काका, समोरच्या गच्चीवरचे दोघं. मध्ये टेबल, टेबलावर पट, आणि पटावर आमचा डाव! तसाच मांडून ठेवलेला, माझा एककानी घोडा कडेला! आणि सासरे त्याच्यावर बोट ठेवून, "...इथं! इथं माझ्या जावयानं फुकटचं प्यादं सोडलं! घोडा कडेला नेऊ नये हा नियम मीच घोटवलेला, आणि पठ्ठ्यानं माझ्या तोंडावर तो मोडला! या या, जावईबापू! हेच ते!"

काका उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. पिशवीसकट!

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्या दिवशी न बोलता..."

"अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! जावयासमोर रडायचं कसं? म्हणून उठलो." मग जवळ येऊन हळूच म्हणतात, "माझ्या उस्तादांनी मला असंच ठेवलं होतं. एकच डाव, दर आठवड्याला. मला हे उत्तर सापडायला चौदा वर्षं लागली. तुम्हाला अकरा! हिची आई म्हणायची, अहो सांगून टाका एकदा, किती हरवाल गरिबाला. मी म्हणायचो, नाही, तो शोधेल. डोकं आहे त्याला. ती असायला हवी होती." आणि गर्दीकडे वळून, "पुस्तकात बघून काय, कुणीही खेळेल! हे ह्यांनी आपल्या डोक्यातून काढलंय!"

पिशवी मणाची झाली हो माझ्या हातात! म्हणजे अकरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता, ब्रेकवर पाय ठेवून, माझा मी वळेन म्हणून वाट बघत. आणि मी? मी टॅक्सी करून आलो होतो!

तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. तेवढ्यात सासऱ्यांचं लक्ष पिशवीकडे. "हे काय आणलंत?"

"चप्पल," मी म्हटलं.

कुठून आली चप्पल? मला काय ठाऊक! तोंडातून आली! "पट्टा तुटलाय. दुरुस्तीला टाकायचीय."

"मग द्या की इकडं! घड्याळाचे पट्टे शिवले आयुष्यभर, चपलेचा शिवता येणार नाही?" आणि पिशवीला हात! मी पिशवी छातीशी धरली. "नको नको, आज घाईत चुकून... चांगलीच आणली. पुढच्या रविवारी तुटलेली आणतो!" पोस्टमास्तर माझ्याकडे बघायला लागले. बघणारच. चांगली चप्पल पिशवीत घालून फिरणारा माणूस त्यांनी कधी बघितला असणार?

घरी आलो. बायको दारातच. "सांगितलंत?"

"नाही."

"का?"

म्हटलं, "ते हसत होते गं. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसत होते." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग शेजारी येऊन बसली. मग मी उठलो, कपाटावरची कात्री घेतली आणि माझ्या नव्या चपलेचा पट्टा कचकन कापला. "अहो, काय करताय!" म्हटलं, "रविवारची तयारी."

पुढच्या रविवारी चारच्या ठोक्याला सासरे हजर. इस्त्रीचा सदरा, काखेत पेटी. "चार आठवडे तुमच्यासाठी नवीन सुरुवात बसवत होतो. जुनी तुम्ही फोडलीत!" प्यादं, प्यादं. घोडा, घोडा. आणि उंट... यावेळी उंट नेहमीपेक्षा एक घर पुढं गेला. एकच घर! थेट माझ्या घोड्याच्या छाताडावर! मला एका क्षणात कळलं, हे त्या पुस्तकातलं पुढचं प्रकरण. पान शंभरच्या आसपास कुठंतरी उत्तर लिहिलेलं असणार. आणि सासरे मागं टेकून बसलेले, डोळे चमकतायत. "शोधा, जावईबापू! हिचं उत्तर सापडायला अकरा वर्षं लागली तरी चालतील."

बाविसाव्या चालीला गेलो. पोस्टमास्तरांचा शब्द आहे, पण गेलोच. खराखुरा गेलो, जीव लावून खेळून गेलो.

सोमवारी पुस्तक परत करायला गेलो. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "अर्धंच वाचलेलं दिसतंय. मुदत वाढवून देऊ का?" म्हटलं, "नको बाई. ठेवा तिकडं लांब. आणि मी परत मागायला आलो ना, तर गेलंय म्हणून सांगा."

तर असं आहे सगळं. सांगू म्हणता त्यांना? सांगायला जातो मी दर रविवारी, पण ते पेटी उघडताना गुणगुणत असतात हो! मी काय केलं शेवटी? घोडा कडेला ठेवला, बस्स. पण आता दर रविवारी डोकं खाजवत मनापासून हरायचं, निदान अकरा वर्षं, ते पंच्याहत्तरीचे असले तरी मला घाई नाही. आणि हो, चपलेला टाके काय सुरेख घातलेत म्हणून सांगू, केसाएवढे! ही बघा, तीच घालून आलोय. आतल्या बाजूनं एक गाठ राहिलीय, पावलागणिक टोचते. त्यांना सांगितलं तर लगेच काढून देतील... पण असू दे. टोचू दे.